खामगावची बिअर आणि माझी जीभ

जगात जे जे विकत मिळतं ते ते घरी करता येतं, यावर आमच्या थोरल्या साडभाऊंची जेवढी श्रद्धा होती, तेवढी मी देवावरही कुणाची पाहिली नाही. खामगावात ते कापसाच्या एका जिनात फिटर होते. दंतमंजन, बुटाचं पॉलिश, मुलांची शाई, सगळं घरचं. त्यांच्या साबणाला फेस कधी आला नाही, पण मोरीतल्या मुंग्या कायमच्या गेल्या आणि तोही ते साबणाचाच गुण मानत. अशा माणसाच्या डोक्यात बिअर शिरली, आणि तिला आत घेणारा मी होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

फौजेच्या वर्कशॉपात असताना त्यांनी एकदाच, अर्धा पेला, दीपगृहाचं चित्र असलेली बिअर घेतली होती. पुढं दारूबंदी आली. माझ्या लग्नाच्या पंगतीत ते हळूच त्या अर्ध्या पेल्याबद्दल बोलू लागले, तेव्हा मी, नवा जावई, धाड गावचा शाळामास्तर, भाव खाण्यासाठी बोलून गेलो की, ती होय, मुंबईला पुष्कळदा घेतली. खरं सांगायचं तर मुंबईला मी परीक्षेपुरता चार दिवस होतो आणि पोट बिघडल्यामुळं चारही दिवस मावशीच्या हातची तांदळाची पेज प्यालो होतो. साडभाऊ माझ्याकडं पाहतच राहिले. जिलबीवाला पुढं निघून गेला तरी त्यांचा हात पानावर गेला नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "माही जीभ तंबाखूनं मेली. तुमची ताजी हाय. आपण दोघं मिळून हे काम करू."

त्यानंतर सात वर्षं ते काम चाललं. ज्वारी भिजवून मोड आणायचे, ती गोणपाटावर वाळवायची, भडभुंज्याकडून भाजून आणायची. कडूपणासाठी वैद्याचं किराईत, फुगण्यासाठी बेकरीतलं खमीर. मडकं जिनातल्या रुईत गुंडाळून पोरासारखं निजवायचं आणि तयार झालं की गोळीच्या सोड्याच्या बाटल्यांत भरायचं. मग मला धाडला पोस्टकार्ड यायचं, "लोणचं मुरलं आहे, चाखायला यावे." मी यष्टीनं जायचो, पाटावर बसायचो, दोन घोट घेऊन डोळे मिटायचो. काहीतरी बोलणं भाग असे, म्हणून म्हणायचो, कडू जरा कमी आहे. पुढच्या खेपेला किराईत वाढे. कधी म्हणायचो, मुंबईला जरा करपट वास होता. लगेच भडभुंजा कामाला लागे. माझं एकेक वाक्य ते वहीत उतरवून घेत, आणि मी थापा मारत खिडकीबाहेर पाही.

एकदा त्यांच्या मुलीला पाहायला चिखलीचे पाहुणे आले असताना पलंगाखाली तीन बाटल्या ओळीनं फुटल्या. फेस वाहत मुलाच्या बापाच्या पायांपर्यंत आला. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "लोणचं हाय." त्या गृहस्थांनी वाकून बोट लावलं, वास घेतला आणि आणखी एखादी बरणी आहे का, असं विचारलं. लग्न त्याच बैठकीत ठरलं.

शेवटी अक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात गाठलं. "भाऊजी, घरातली ज्वारी सरून राह्यली. एकदा जमली म्हणून टाका ना. हा माणूस सुटन." त्या दुपारी मी दोन घोट घेतले आणि म्हणालो, हीच ती. साडभाऊ उठून मोरीवर गेले, तोंडावर पाणी मारून आले, आणि वहीच्या शेवटच्या पानावर माझ्यासमोर लिहिलं : जमली. त्या एका शब्दानं मला जेवढं छळलं, तेवढं आधीच्या सात वर्षांतल्या थापांनी छळलं नव्हतं.

पुढं दारूबंदी सैल झाली आणि चिखलीच्या जावयानं मुंबईहून दीपगृहाची खरी बाटली आणली. दोन पेले शेजारी शेजारी ठेवले. मी आयुष्यात पहिल्यांदा ती बिअर प्यालो. आमच्या काढ्याशी तिचं कसलंही नातं नव्हतं. माझे कान तापले. आता सांगूनच टाकावं असं ठरवून मी म्हणालो, "दादा, मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

त्यांनी दोन्ही पेल्यांतून घोट घेतला होता. पेला उजेडात धरून ते बराच वेळ पाहत होते.

"बोलू नका, मास्तर," ते म्हणाले. "मेल्या जिभेलेही फरक समजला. कंपनी बिघडली." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं आपण आधीच करून ठेवली."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्यांनी मोठ्या कळवळ्यानं कंपनीला पत्र लिहिलं, जुनी चव हरवली असल्यास कृती खालीलप्रमाणे, खाली तपासणार म्हणून माझं नाव. उत्तर आलं नाही. कंपनीला लाज वाटत असेल, असं ते शेवटपर्यंत सांगत.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. लग्नकार्यात कुणी ती दीपगृहाची बाटली उघडतं, माझ्याही हातात पेला देतं. चांगली आहे, असं सगळे म्हणतात. मी दोन घोट घेतो, सवयीनं डोळे मिटतो, आणि किराईत जरा कमी पडलंय असं मला खरोखरच वाटतं.