कोरडं तिकीट

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी एस.टी.त कंडक्टर होतो आणि हिंगोली-वाशीम रस्त्यावर माझ्यापेक्षा माझ्या उजव्या गुडघ्याची वाटीच जास्त प्रसिद्ध होती. गाडी वळली, त्याच वेळी मीही पायावर वळलो, की वाटी बाहेरच्या अंगाला सरकायची आणि मी बाकांच्या मध्ये आडवा. कनेरगाव नाक्याअलीकडच्या वळणावर तर हमखास. म्हणून माझा एक हात कायम दांड्यावर असायचा आणि तिकीट मी दातांनी फाडायचो. ते ओलं तिकीट घेताना लोक तोंडं वाकडी करायचे.

तांड्यावरची एक म्हातारी बाजाराला यायची. तिला सगळे याडी, म्हणजे आई म्हणत. "पाय सरळ सोड, लेकरा," म्हणत तीच अंगठ्याने वाटी जागेवर ढकलायची. बाकीचे नुसते सल्ले द्यायचे, आणि माझं डोकं फिरायचं.

शेवटी साहेबांनी बजावलं, पुन्हा पडलात तर गाडीवरून उतरवून डेपोत बसवीन. डेपोत माशा मारत बसायच्या कल्पनेनेच मला धडकी भरली. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी वाटीच्या आतल्या बाजूचे सैल बंध आवळले. प्लॅस्टर निघालं तेव्हा मांडी वाळून गेली होती आणि गुडघा वाकेना. व्यायाम करताना मी डॉक्टरांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. हळूहळू गुडघा वाकू लागला, पण उकिडवं बसणं कायमचं गेलं.

पुन्हा गाडीवर चढलो त्या दिवशी नाक्याचं वळण दिसताच ड्रायव्हरने वेग कमी केला. बाकांवरच्या लोकांनी आपापले पाय आत ओढून घेतले. याडीचा हात माझ्या गुडघ्याकडे आला. मला असा राग आला! मी घंटीची दोरी दोनदा ओढली.

"मास्तर, बगा बरं," ड्रायव्हर ओरडला.

"जाऊ द्या हो! काहून भिऊन राहिलात?"

गाडी वळली, मीही वळलो. गुडघा कुरकुरला, पण वाटी जागची हलली नाही. सुटलो एकदाचा, असं वाटलं आणि डोळेच भरून आले.

"बसली का रे बराबर?" याडीने विचारलं.

"व्हय, याडी."

"मंग आता तरी कोरडं तिकीट दे."

मी दांडा सोडला आणि चालत्या गाडीत दोन्ही हातांनी तिचं तिकीट फाडलं.