पाव म्हणजे चार गोष्टी

पाव म्हणजे काय, हे आमच्या बाबांना कुणी विचारू नये. विचारलंत तर दुकानातून लवकर सुटका नाही. पिठाने पांढरी झालेली चार बोटं ते तुमच्या नाकासमोर धरतात आणि एकेक मिटत जातात. "मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. पाचवी गोष्ट आली की तो पाव नाही. त्याला दुसरं नाव शोधा." गल्लीत त्यांचं आडनावच 'चारबोटे' पडलंय. समोरचा न्हावी त्यांना पाहिलं की तोंडाने काही बोलत नाही, नुसती चार बोटं वर करतो. बाबाही करतात. झाला रामराम.

जन्मभर त्यांनी भट्टीशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. सिनेमाला नेलं तर पीठ फुगलं असेल म्हणून मध्यंतरात उठून आलेला हा माणूस. मी जन्मले तेव्हा मला बघायला आले ते कोपरापर्यंत पिठात, आणि आई बाळाला हात लावू देईना. टाकून देणं मात्र त्यांना ठाऊकच नाही. आदल्या दिवशीचा मळलेला गोळा उरला की ओल्या फडक्याखाली ठेवायचा आणि सकाळी नव्या पिठात मिसळायचा. त्याने पावाला चव येते. हा गोळा चार बोटांत कधीच नसतो. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "अगं, तो पावच आहे. पावात पाव गेला, त्यात मोजायचं काय?"

मी एवढ्या धीट माणसाची मुलगी, पण महाभित्री. पहिल्यापासून नव्हते, ठकी झाल्यावर झाले. ठकीला, म्हणजे माझ्या मुलीला, दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं असं नव्हे. घसा आतून सुजतो आणि श्वास अडकतो. शेजारणीने प्रेमाने दिलेल्या एका बिस्किटाने तिचे ओठ निळे पडलेले मी पाहिलेत. तेव्हापासून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी घरात काही येऊ देत नाही. वाढदिवसाचं आमंत्रण आलं की केकात काय काय आहे ते आधी फोन करून विचारते. पिशवीत इंजेक्शनचं पेन आहे ना, हे रस्त्यात थांबून थांबून चाचपते. लोक हसतात. हसू देत.

ठकीलाही मी पढवून ठेवलंय. कुणी काही दिलं की आधी विचारायचं, "यात काय काय आहे?" ती शाळेतल्या बाईंना विचारते, डॉक्टरांना विचारते, सख्ख्या आत्यालाही विचारते. आत्या रुसते, पण ठकी विचारतेच. फक्त आजोबांना विचारत नव्हती. त्यांचा पाव हातात पडला की थेट तोंडात. मलाही जगात तेवढी एकच जागा होती, जिथे मी पिशवी खांद्यावरून काढून खुंटीला अडकवायची.

त्या दिवशीही अडकवली. शाळा सुटल्यावर आम्ही परस्पर दुकानात गेलो होतो. बाबांनी गरम पावाचा तुकडा मोडून ठकीला दिला आणि ती मैद्याच्या पोत्यावर बसून पाय हलवत खायला लागली. मी आपली बोलायचं म्हणून बोलले, "बाबा, कालच्या बनांच्या ऑर्डरचं काय झालं हो? फोनवर केवढे चिडला होतात."

"चिडू नको तर काय करू? सगळं मळून तयार, आणि ऐन वेळी म्हणे नको. पण वाया नाही जाऊ दिलं. सकाळी सगळा गोळा..."

ते थांबले. हातातला पाव त्यांनी हळूच फळीवर ठेवला.

"बाबा, बनात दूध असतं."

"अगं, मी पावात नाही घातलं दूध," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "तो जुना गोळा होता... मी पावात दूध कशाला घालीन?"

पोत्यावरचे पाय हलायचे थांबले होते. ठकी मानेला हात लावून म्हणाली, "आई, खाजतंय."

पुढचं मला सलग आठवत नाही. खुंटीवरचा पिशवीचा पट्टा निघेना. पेनाचं टोपण माझ्या बोटांना सापडेना, आणि ठकी खोकत होती, मग तिला खोकताही येईना. मी तिच्या मांडीत पेन दाबून धरलं तेव्हा मला एवढंच वाटत होतं की उशीर झाला, उशीर झाला. न्हाव्याने एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीनिशी बसवून ठेवून गाडी काढली. बाबा मागे बसून तिचं नाव घेत राहिले, आणि ती ओ देत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं हिने?"

"पाव," बाबा म्हणाले.

"पावात काय होतं?"

सवयीने त्यांची चार बोटं वर आली. आली आणि तशीच राहिली, एकही मिटेना. "दूध होतं," ते म्हणाले. "मीच घातलं."

ठकी वाचली. मी मात्र अजून रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरते.

बाबांनी बन करणं बंद केलं. जुना गोळाही बंद केला. परात नवी आणली. आठवडाभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी स्वच्छ फडक्यात एक पाव गुंडाळून आले आणि दारातच उभे राहिले. पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. ठकी धावत गेली, पण दोन पावलं अलीकडेच थांबली. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले.

"आजोबा, यात काय काय आहे?"

तिने त्यांना हे पहिल्यांदाच विचारलं होतं. बाबांनी बोटं वर केली नाहीत. "मैदा," ते सांगू लागले. "पाणी. मीठ. यीस्ट. साच्याला तेल लावलं होतं. परात नवी आहे. ओटा धुतला, दोनदा धुतला. फडकं घरचं नाही, नवीन आहे. हात..." त्यांनी हातांकडे बघितलं. "हात धुतले होते, बाळा."

ठकीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे बघितलं. पाव पुढे धरून बाबाही माझ्याकडेच बघत होते. मला 'खा' म्हणायचं होतं. माझा हात मात्र पिशवीतलं पेन चाचपत होता.