दुधाच्या टाकीला घातलेला हार

सुकलेला हार उचलला आणि त्याच्याखाली टाकीच्या काठावर तांबूस रेघ दिसली. बोटानं पुसली, गेली नाही. ओढणीचं टोक ओलं करून घासली, तरी गेली नाही. हार जिथं टेकला होता तिथं अगदी गोल उमटली होती.

बारामती एमआयडीसीतलं आमचं फॅब्रिकेशनचं शॉप. फॅब्रिकेशन म्हणजे पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंगनं जोडायचा आणि त्यातून वस्तू उभी करायची. ही वस्तू म्हणजे एका डेअरीची दूध साठवायची टाकी, स्टेनलेस स्टीलची. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डेअरीचे साहेब इन्स्पेक्शनला येणार होते. मी आयटीआय करून तिथं अप्रेंटिस लागले होते. वर्षभर कंपनीत काम शिकायचं, मग परीक्षा, मग सर्टिफिकेट. माझे आठ महिने झाले होते. माझ्या आधीच्या अप्रेंटिसनं करायला दिलेला एक जॉब बिघडवला आणि मालकांनी त्याला घरी पाठवलं, ही कथा मला पहिल्याच दिवशी ऐकवली गेली होती.

हार माझाच. लोणी भापकरला आमचा झेंडूचा मळा आहे. खंडेनवमीला शॉपमध्ये हत्यारांची पूजा असते, म्हणून आबा, माझे वडील, मोटारसायकलला दोन क्रेट बांधून फुलं घेऊन आले होते. ग्राइंडरला हार, वेल्डिंग मशीनला हार. टाकी सगळ्यांत मोठी, तेव्हा तिच्या तोंडाभोवती, झाकण बसतं त्या काठावर, सगळ्यांत जाड हार. तो दोऱ्याला पेलेना. मग घरी ट्रॅक्टरला घालतो तसा बाइंडिंग वायरमध्ये ओवला. ही वायर म्हणजे स्लॅबच्या सळया बांधायची काळी लोखंडी तार. दसरा आणि रविवार लागून आले. ओल्या फुलांसकट ती तार तीन रात्री स्टीलला चिकटून राहिली.

स्टीलला लोखंड लागू द्यायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. लोखंडाचे कण त्यावर बसले की गंजतात आणि चांगल्या स्टीलवरही डाग पडतो. दुधाच्या टाकीला तर ते चालतच नाही. म्हणून स्टीलचे ब्रश वेगळे, ग्राइंडरची चाकं वेगळी. हे मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पण पूजेच्या हारातून लोखंड येईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. इतरांच्याही नाही.

मी फोरमन तात्यांना बोलावलं. तात्या इंदापूरचे, तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस.

“कुनाला दावलंस?”

“न्हाय.”

“मग दावू बी नगंस. मी बफ मारतो. उद्या सायेब चकचकीत बघतील आन सही करून जातील.”

बफ मारणं म्हणजे कापडी चाक फिरवून चमक काढणं.

“पुन्यांदा डाग आला तर?”

“तुजं चार म्हयनं ऱ्हायल्यात, पोरी. ते बघ.”

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतः बफ मारला. रेघ गेली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पण आयटीआयच्या सरांनी एक साधी परीक्षा शिकवली होती. संशय असेल तिथं ओलं पांढरं कापड रात्रभर ठेवायचं. लोखंड शिल्लक असेल तर कापडावर उतरतं. संध्याकाळी निघताना मी कापड ठेवलं. सकाळी तासभर आधी येऊन उचललं. त्यावर तांबडे ठिपके होते. ठेवलंच नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

तात्या चहाचा कप घेऊन आले. मी कापड पुढं केलं.

“हे कुनी ठेवाय सांगितलं?”

“कुनीच न्हाय.”

“फेकून दे ते फडकं.”

“तात्या, त्यात दूध भरनार हायत लोक.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “चल. दोघंबी जाऊ.”

केबिनमध्ये मी मालकांना सगळं सांगितलं. फक्त तात्यांचं नाव सोडून.

“तार कुठून आणलीस?” मालकांनी विचारलं.

“मी दिली,” तात्या म्हणाले. “स्टोअरमधनं. बांधताना शिडी बी मीच धरली हुती. काल बफ बी मीच मारला.”

ते खरंच होतं, पण मी सांगणार नव्हते. मला रडू यायला लागलं, ते मी खोकून दाबलं.

मालकांनी डेअरीत फोन लावला. साहेब निघाले होते. अकराला आले, तेव्हा मालकांनी टाकीच्या आधी ते कापड त्यांच्या हातात दिलं.

“हे कुणी ठेवलं?”

मालकांनी माझ्याकडं बोट केलं. साहेबांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “नीट साफ करा. तीन दिवसांनी येतो. कापड मी आणेन.”

नीट म्हणजे पिकलिंग पेस्ट. ही ॲसिडची असते, चिकटलेलं लोखंड खाते, आणि हातमोजे नसतील तर कातडीही. तिनं स्टीलची चमक जाते, म्हणून पुन्हा कोऱ्या चाकानं पॉलिश. तात्या आणि मी दोन दिवस त्या काठावर वाकून होतो. साहेबांचं कापड रात्रभर राहिलं आणि पांढरंच निघालं. सही झाली.

मला वाटलं, आता माझी पाळी. मालक म्हणाले, “स्टीलचे सगळे ब्रश आणि चाकं आजपासून तुझ्या ताब्यात. एक जरी लोखंडाच्या कामाला गेला, तर तुला धरीन.” तात्यांना माझ्यासमोर काही बोलले नाहीत. नंतर बोलले असावेत, कारण तात्या दोन दिवस गप्प होते.

आज मी त्याच शॉपमध्ये क्वालिटी बघते. आबांची फुलं दर खंडेनवमीला येतात. तात्या रिटायर झाले, पण पूजेला इंदापूरहून येतात. आल्या आल्या दोन फुलं बाजूला सारून आत सुतळी आहे का बघतात, मग हात जोडतात. हार कशात ओवलाय, हे देव बघत नाही. स्टील बघतं.