न उघडलेल्या चित्रातली अक्षरं

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कोणी शिकवायला नको — माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. माझ्या पिशवीत आजही बुवाबाजीविरुद्धची पत्रकं असतात. ती मीच लिहिते आणि धुळ्याच्या बसस्टँडवर मीच वाटते. त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःचीच किळस येतेय. त्याहून जास्त किळस कशाची येते, ते पुढे कळेलच.

आमच्या छोट्या गटाची मागणी एकच — सरकारी वेबसाइट कुठल्याही ब्राउझरमध्ये, कुठल्याही मोबाइलवर चालली पाहिजे. लोक हसतात. "ताई, पाण्याचं बोला, रस्त्याचं बोला." अरे, पाण्याची तक्रारसुद्धा आता साइटवरच टाकायची असते ना!

तर... पारोळ्याचे विलासभाऊ. बाजार समितीच्या मागच्या गल्लीत आईसोबत राहतात, आईला सगळी गल्ली अक्का म्हणते. विलासभाऊंना जन्मापासून दृष्टी नाही. मोबाइलमध्ये स्क्रीन रीडर आहे; बोट फिरवलं की पडद्यावर जे असेल ते एका बाईच्या आवाजात, पुस्तकी मराठीत वाचून दाखवतो. दिव्यांगांसाठी राखीव लिपिकाची जागा निघाली होती. भाऊंचं वय यंदा मर्यादेबाहेर जाणार होतं. म्हणजे हा शेवटचा अर्ज.

अर्जाच्या शेवटी एक चौकट होती — 'चित्रातील अक्षरे लिहा'. ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. वर आणखी कहर म्हणजे ते चित्र फक्त एका जुनाट ब्राउझरमध्ये उघडायचं, जो आता कुणाकडेच नाही. होता तो जळगावच्या कार्यालयातल्या एका कॉम्प्युटरवर. मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही तिथे गेलो. कॉम्प्युटर बंद.

"साहेब रजेवर आहेत, पासवर्ड त्यांच्याकडे," बाबू सुपारी चघळत म्हणाला.

"उद्या मुदत संपतेय. यांनी काय करायचं?"

"ब्राउझर बदलून बघा ना, मॅडम."

मी म्हटलं, ठीक. आता पुरावाच गोळा करते. दुसऱ्या दिवशी दुपारी विलासभाऊंच्या पुढच्या खोलीत मी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. दार उघडं, बाहेर लख्ख ऊन, अक्का ज्वारी निवडत बसलेल्या. भाऊंनी अख्खा अर्ज भरला आणि शेवटच्या चौकटीवर आले.

"चित्र," मोबाइल म्हणाला. ब्राउझर बदलला, पुन्हा सगळं भरलं. "चित्र." तिसरा ब्राउझर. "चित्र."

मी वाकून पाहिलं. चौकट पांढरीफटक. चित्र उघडलंच नव्हतं.

"भाऊ, मलाही काही दिसत नाहीये."

"तुलाबी नाही?" विलासभाऊ हसले. "मंग चल, दोघं मिळून अपंगाचं सर्टिफिकेट काढू."

हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. अक्कांचे हात थांबले. "काय म्हणस तो मोबाईल?"

"काही नाही म्हणत, माय," भाऊ म्हणाले. "चित्र म्हणस फक्त."

आणि मोबाइल बोलला. त्याच बाईच्या आवाजात, त्याच सपाट सुरात —

"माले दिखस. लिख आते."

मला दिसतंय, आता लिही. अहिराणीत! ज्या आवाजाला आमच्या गावांची नावं धड घेता येत नाहीत, तो आवाज! मग एकेक अक्षर आलं, एकेक आकडा आला, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. विलासभाऊंनी ऐकत ऐकत लिहिलं. बटण दाबलं.

"आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे." परत पुस्तकी मराठी.

"हाई कोन बोलनं?" अक्कांनी विचारलं.

घरी जाऊन व्हिडिओ लावला. त्यात अक्कांचा प्रश्न आहे, मागच्या गल्लीतला ट्रॅक्टर आहे, पण मधे तो आवाज नाही. नुसतं "चित्र"... मग बराच वेळ शांतता, आणि विलासभाऊ एकेक करून बरोबर अक्षरं लिहिताहेत. गटातल्या वेबसाइट बनवणाऱ्या मित्राने सगळं तपासलं. म्हणाला, चित्र मोबाइलपर्यंत पोचलंच नव्हतं, वाचणार काय?

तरी मी जळगावच्या त्याच कार्यालयात तक्रार केली. चित्र उघडत नाही हे दाखवायला व्हिडिओ जोडला. उत्तर आलं — व्हिडिओमध्ये दृष्टिहीन अर्जदाराने घरूनच अर्ज सादर केल्याचे दिसते, संकेतस्थळ सुरळीत आहे, सबब तक्रार निकाली. किळस म्हणतात ती ही! करणारा कोण होता देव जाणे (आणि मी देवही मानत नाही), श्रेय यांनी घेतलं.

पुढे हॉलतिकीट आलं. तेही त्याच साइटवर, तशाच चौकटीमागे. विलासभाऊ मोबाइल कानाशी धरून बसले. "चित्र." थांबले. "बोल ना..." हळूच म्हणाले. "चित्र." बस, तेवढंच.

शेवटी जळगाव. साहेब रजेवरून आले होते, जुना कॉम्प्युटर सुरू होता, हॉलतिकीट निघालं. कागद देताना तोच बाबू म्हणाला, "व्हिडिओत तर घरबसल्या जमलं होतं की, भाऊ! आज कशाला एवढी दगदग?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात विलासभाऊंनी माझा हात दाबला. आवाज कुणाचा होता, मला आजही सांगता येत नाही, त्यांनाही नाही. ते बाबूच्या दिशेने शांतपणे म्हणाले —

"त्या दिवशी बघणारं कोणीतरी होतं, साहेब. आठे, या हापिसमा, कोन शे?"