नात्यातला वाघ

आमच्याकडच्या चित्रांच्या पुस्तकांत जनावराला नुसतं जनावर म्हणून राहता येत नाही. वाघाचा वाघोबा होतो, कोल्ह्याचा कोल्होबा, हत्तीचा हत्तीदादा आणि चिमणी तर थेट ताई. तरुणपणी मला याचा भारी राग यायचा. नुकतीच बी.एस्सी. होऊन सून म्हणून पनवेलला आले होते आणि जगातलं सगळं अज्ञान घालवायचं काम माझ्याकडेच दिलंय अशी माझी समजूत होती. मुलगी झाली, तिच्यासाठी पुस्तकं आणली आणि बॉलपेन घेऊन बसले. एकेक ओबा, दादा, ताई खोडून काढली. वाघ हा मांजरकुळातला प्राणी आहे, तो तुझा कोणी लागत नाही, असं दोन वर्षांच्या पोरीला समजावलं. पोर अंगठा चोखत होती.

सासूबाई दारात बसून मासे साफ करत होत्या. "आगो," त्या म्हणाल्या, "ज्याचं भ्याव वाटतं त्याला नातं लावाचं. मंग त्याला बी खायाला लाज वाटते."

मी हसले आणि चष्मा वर सरकवला. बिननंबरचा होता तो. शोभेला घालायचे.

ती अंगठा चोखणारी आता पुन्हा लग्न करतेय. पहिले जावई गेले तेव्हा नात वर्षाचीही नव्हती. आता ती पहिलीत आहे, आणि तिच्या लेखी 'बाबा' म्हणजे हॉलमधला हार घातलेला फोटो. मुलगी द्रोणागिरीला एका गोदामात नोकरी करते, तिथेच नवीन माणसाची ओळख झाली. तो न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. येतो तो दार भरून, आणि आवाज असा की वाटीतला चमचा दचकावा. स्वभावानं अगदी गरीब. पण नात त्याला काहीच म्हणेना. तो समोर बसलेला असताना आईला सांगायची, त्यांना सांग पंखा लावायला. काका म्हण, पप्पा म्हण, सगळं सांगून झालं. शेवटी मुलीनं ठरवलं, पोरीनं आपणहून त्याला हाक मारल्याशिवाय लग्नाची तारीख घ्यायची नाही. तो बिचारा दर रविवारी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, घेऊन यायचा आणि हाक न मिळताच जेवून जायचा.

अशात माळ्यावरची ती जुनी पुस्तकं नातीच्या हाती लागली. याच्या नावापुढचं कुणी खोडलं, वाघावर बोट ठेवून तिनं विचारलं. शेजाऱ्यांवर ढकलावं असं क्षणभर वाटलं, पण म्हटलं, मीच.

"का? त्याला कोणीच नाही?"

यावर बी.एस्सी.त काही शिकवलेलं नव्हतं. लाल स्केचपेन घेऊन आम्ही दोघी बसलो आणि सगळ्यांची नाती परत लावली. मग तिच्या लक्षात आलं की कोंबडीला आणि माशाला मुळातच काही नाही. मी म्हटलं, कोंबडीला ताई म्हटलं तर बुधवारी जेवणार काय? ते तिला पटलं. मग वाघाला का, म्हणाली. तेव्हा सासूबाईंचं वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसली.

पुढच्या रविवारी तो आला. मुलगी आत चिंबोऱ्या धूत होती. नात माझ्या पदराआडून पाण्याचा ग्लास घेऊन पुढे झाली.

"कंटेनरोबा, पाणी."

आतला नळ बंद झाला. त्यानं आधी मागे वळून पाहिलं, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तिनं मान हलवली. ग्लास दोन्ही हातांनी घेऊन, जमेल तेवढ्या बारीक आवाजात तो म्हणाला, "कंटेनरोबा माणसं खातो का?"

"नातं लावल्यावर नाही खात," ती म्हणाली, आणि पंखा लावायला या वेळी त्यालाच सांगितलं.

मुलगी काही बाहेर आली नाही. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं तारीख घेतली.

परवा विचुंब्याच्या रस्त्याला त्यानं आम्हाला ट्रेलर दाखवला. इतर ट्रेलरवर जिथे आईचा आशीर्वाद असतो, तिथे मालकाला विचारून पिवळ्या अक्षरांत त्यानं 'कंटेनरोबा' रंगवून घेतलंय. नात म्हणाली, अक्षर बरं आहे. मी चष्मा काढून पुसला. आता त्याला नंबर आहे.