नदीकाठचा बंगला

सासूबाई नागपूरहून डब्लिनला आल्या त्या बंगला बघायला. खरं तर मुलाला भेटायला यायच्या होत्या, पण व्हिसाचं मागेपुढे होता होता मुलगाच राहिला नाही. त्याला शेवटचा निरोप त्यांनी फोनच्या पडद्यावर दिला. मग उन्हाळ्यात आल्या. विमानतळावर मला मिठी मारून रडल्या, डोळे पुसले आणि गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "बंगल्यावर कवा जायचं व?"

बंगला नव्हता. एक कॅरॅव्हॅन होती, गाडीमागे ओढून न्यायची चाकांवरची खोली, तीही आमच्याआधी दोन कुटुंबांनी वापरलेली. स्लायगोच्या रस्त्यावर, महामार्ग सोडून आत गेलं की नदीकाठी एक सरकारी वन-उद्यान आहे. तिथे झाडीत आम्ही उन्हाळ्यापुरती जागा घ्यायचो. हिवाळ्यात उद्यानाचा रखवालदार ती ट्रॅक्टरने ओढून मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवायचा आणि वसंतात परत आणून लावायचा. यंदाही त्याने लावली होती. माणूस गेल्याचं त्याला कळवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

बंगला हा शब्द माझ्या नवऱ्याचा. इथल्या मराठी मंडळींत घर घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन जाती आहेत. घर घेतलेल्यांकडे जेवायला गेलं की आधी घर दाखवायचा कार्यक्रम असतो. वॉशिंग मशीनच्या खोलीपाशी आपण थांबायचं आणि 'वा' म्हणायचं. आम्ही दोघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारे, त्यामुळे 'वा' म्हणण्यात तरबेज होतो. कॅरॅव्हॅन घेतली त्या संध्याकाळी त्याने मला तिची आतून यथासांग सफर घडवली. "हा ईस्ट विंग," असं म्हणून त्याने संडासाचं दार उघडलं, तेव्हा त्याचं कोपर वेस्ट विंगला लागलं.

रविवारी सकाळी तो तिथून आईला फोन करायचा. नेटवर्क जेमतेम, त्यामुळे चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज. मागे पाखरं, पाणी. "कुठी हाय रे तू?" असं त्यांनी विचारलं आणि हा थट्टेत म्हणाला, "आपल्या नदीकाठच्या बंगल्यावर." त्यांना थट्टा कळली नाही. पुढच्या रविवारपर्यंत बंगला त्यांच्या सगळ्या गल्लीत पोचला होता. किराणावाल्याने किती खोल्या म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, सांगून टाक. तो म्हणाला, "आल्यावर दाखवतोच ना. तेव्हा मिळून हसू."

त्यांना न्यायच्या दिवशी मी ठरवलं होतं की वाटेत सांगायचं. मलिंगर गेलं, लाँगफर्ड गेलं. त्या मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. पिशवीत त्यांनी स्वतः विणलेलं मण्यांचं तोरण होतं. बंगल्याच्या दारासाठी केलेलं, तो असताना. "वर्षाच्या आत लावत नाहीत, मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पन घरात ठेवून मी काय करू? तिथं नेऊन ठेवते. दार मोठं असंन ना?"

"आई, तो बंगला म्हणजे..." मी म्हटलं.

"सांगू नको. मी पायते."

मी गाडी चालवत राहिले.

उद्यानात शिरल्यावर बीच आणि ओकच्या झाडांमधून बराच वेळ जातो रस्ता, आणि ती झाडं मात्र कोणत्याही बंगल्याला शोभतील अशी आहेत. सासूबाई काचेला नाक लावून बघत होत्या. पहिली भलीमोठी मोटरहोम दिसली, वर डिश अँटेना, पुढे प्लास्टिकच्या हिरवळीचा गालिचा, अगदी खऱ्या हिरवळीवर अंथरलेला. "हा दवाखाना हाय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग आमची जागा आली. मी गाडी थांबवली आणि उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

त्यांनी कॅरॅव्हॅनकडे पाहिलं. चाकांकडे पाहिलं. तिच्यामागे पाहिलं, तिकडे आणखी काही असेल म्हणून. मागे नदी होती.

"हा?"

"हो आई."

"याले चाकं हायेत."

"हो."

त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी कुलपाशी उगाच झटापट करत बसले. मागून आवाज आला, "अन् मी साऱ्याइले सांगितलं." एवढंच. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात शेजारच्या जागेवरचे गृहस्थ आले. निवृत्त बसचालक, उन्हाळाभर तिथेच मासे धरत बसतात. नवऱ्याची आणि त्यांची मैत्री होती, म्हणजे दोघं गळ टाकून शेजारी बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांना बातमी रखवालदाराकडूनच कळली होती, रखवालदाराला कुठून कळली देव जाणे. इथे लपत काही नाही. मी म्हटलं, ह्या त्याच्या आई. त्यांनी टोपी काढली, सासूबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि इथे मयताच्या घरी सगळे म्हणतात ते एकच वाक्य म्हणाले, "सॉरी फॉर युअर ट्रबल." मग जरा थांबून, "ही वॉज अ लव्हली नेबर." आणि गेले.

"काय म्हने?"

"तुमच्या दुःखात सहभागी आहे म्हणाले. आणि तो फार चांगला शेजारी होता म्हणाले."

"शेजारी," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा कॅरॅव्हॅनकडे पाहिलं, मग पायरीवर चपला काढून आत गेल्या. तिथे चपला काढून आत जाणारं आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

आत एका माणसाने वळायचं तर दुसऱ्याने बसावं लागतं. मी बसले. त्यांनी सगळीकडे हात लावून पाहिलं. त्याची पावसाळी टोपी, डासांचं मलम, उशी. पिशवीतून तोरण काढायला गेल्या, दाराच्या रुंदीकडे पाहिलं आणि पिशवी परत मिटली. मग चहा करते म्हणाल्या. माझ्या सासूबाईंना कुठल्याही दुःखात चहा करता येतो.

शेगडीला दोन बर्नर. त्यांनी डावा पेटवायला घेतला. लायटर वाजवला, परत वाजवला.

"तो पेटत नाही. उजवा घ्या," मी म्हटलं.

"काहून नाही पेटत?" त्या वाकल्या. बर्नरभोवती पत्र्यावर तपकिरी डाग होता, वाटीएवढा, जळून घट्ट झालेला. "हे काय सांडवलं? पुसता नाही आलं कोनाले?"

"दूध आहे."

"दूध?"

"तुम्ही फोनवर सांगितलं होतं ना, वास्तुशांत नाही जमली तर निदान दूध तरी उतू घाला म्हणून. त्यानं घातलं. लिटरभर. मी म्हटलं कपभर पुरे, तर म्हणाला आईनं सांगितलंय, पूर्वेकडे उतू गेलं पाहिजे. फोनमध्ये होकायंत्र लावून बसला होता. पूर्वेकडे हा बर्नर होता. सगळं आत गेलं. अलार्म वाजला, शेजारचे काका आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले. तेव्हापासून हा बंद आहे."

मला हसू येत होतं. ती गोष्ट तो सांगायचा तेव्हा लोक पोट धरून हसायचे. सासूबाई हसल्या नाहीत.

"मले वाटलं नुसतं हो हो म्हनून रायला. मोठ्या घरात कोन करते असं." त्यांनी डागावरून बोट फिरवलं. "मंग पुसलं काहून नाही?"

"पुसू दिलं नाही त्यानं. आईला दाखवायचंय म्हणाला."

त्या तशाच उभ्या राहिल्या, शेगडीकडे तोंड करून. खांदे हलत होते. मी उठू शकले असते, पण मी उठले तर त्यांना बसावं लागलं असतं. बाहेर कुणाचं तरी मूल आईस्क्रीमसाठी रडत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी उजवा बर्नर पेटवला आणि दूध वर येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. वर आलं तशी आच कमी केली.

रात्री त्या त्याच्या जागी झोपल्या. मी कड बदलली की सबंध बंगला हलत होता, हे त्यांच्याही लक्षात आलं असणार.

सकाळी मी उठले तेव्हा त्यांनी आंघोळ उरकून बाहेरची पायरी झाडली होती. झाडूही कुठून तरी पैदा केला होता, बहुधा शेजारच्या काकांकडून, कारण ते सासूबाईंनी दिलेला खाऊ चावत लांबूनच मला हात करत होते. संत्र्याची बर्फी असणार. तोरण पिशवीत नव्हतं. ते दुहेरी घडी करून शेगडीच्या वरच्या कप्प्यात, त्याच्या टोपीत ठेवलं होतं.

"माहा एक फोटो काढ," त्या म्हणाल्या. चांगली साडी नेसल्या होत्या. नदीकडे पाठ करून आल्डरच्या झाडाखाली उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. मग मला हाताने खुणावलं, आणखी डावीकडे, आणखी. "थे डबडं येऊ देऊ नको त्यात."

आयुष्यभर मी अशा फोटोंना हसत आले आहे. दुसऱ्याच्या गाडीला टेकून उभी राहिलेली माणसं, हॉटेलच्या बागेत 'आमची बाग' असा चेहरा करणारी माणसं. मी डावीकडे सरकले. चिखलात पाय गेला. मागे झाडं, पाणी, हंसाची एक जोडी. त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"गल्लीत दाखवाले पाह्यजे," त्या म्हणाल्या. "पोट्टा खोटं बोल्ला असं नको वाटाले कोनाले."

फोटो चांगला आला होता. फक्त एका कोपऱ्यात, गवतातून, आमच्या कॅरॅव्हॅनला वीज आणणारी नारिंगी केबल दिसत होती. मी तेवढा कोपरा कापला आणि मग नागपूरला पाठवला.