वाफेच्या डब्यातला स्पंज

नंबरमावशी त्या दातांच्या दवाखान्यात आली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. आधीची बाई बाळंतपणाला गेली होती. ती बाई काही परत आली नाही आणि मावशीही परत गेली नाही. बघता बघता एकोणीस वर्षं झाली.

झाडायचं, पुसायचं, डॉक्टरांची हत्यारं धुवायची आणि दारात उभं राहून नंबर पुकारायचा, हे तिचं काम. आवाज असा की खालच्या मजल्यावरचा शिंपी सुईत दोरा ओवताना दचकायचा. एखादा नऊ नंबरचा माणूस आतला घरघराट ऐकून हळूच जिन्याकडे सरकायला लागला की मावशी तिथूनच ओरडायची, "अहो नऊ! दात तोंडात आहे, पायात नाही. बसा खाली!" माणूस बसायचा.

ती राहायची दवाखान्याच्याच मागच्या खोलीत. आठ बाय सहा. खाट टाकली की चालायला वाव नाही आणि चालायचं तर खाट उभी करा. खिडकी होती, पण ती उघडायची शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर. हात बाहेर काढला तर कोपर दुमडायला जागा नव्हती.

पाचव्या वर्षी डॉक्टरांनी चार फुटी काचेची टाकी आणून बाहेरच्या खोलीत बसवली. मासे पाहिले की पेशंटची धडधड कमी होते, असं त्यांनी कुठंतरी वाचलेलं. सहा महिन्यांत पेशंटची धडधड होती तशीच राहिली आणि निम्मे मासे मेले. तोवर डॉक्टरांची हौसही फिटली होती. उरलेले मासे मावशीच्या गळ्यात पडले. ती दुकानदाराला विचारून विचारून शिकली. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवायचं, मग घालायचं. दाणे चिमटीभरच टाकायचे. गाळणीतला स्पंज कधी नळाखाली धुवायचा नाही, टाकीतल्याच पाण्यात दोनदा पिळायचा, बस्स. ज्याला येतं त्याच्याच डोक्यावर ओझं, हा जगाचा कायदा. तिला मासे जमले तिथंच ती फसली.

कारण नंतर दोनदा तिनं गाठोडं बांधलं, आणि दोन्ही वेळा डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "अहो मावशी, मग माशांचं कोण बघणार?" दोन्ही वेळा गाठोडं सुटलं.

टाकीतला थोरला मासा होता सोनेरी, वीतभर वाढलेला, चौदा वर्षांचा. नाव इन्स्पेक्टर. कुणीही दारातून आत आलं की हा नाक काचेला लावून त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचा. बाकीचे दोघं नुसते हवालदार, त्याच्या मागं मागं फिरायचे.

या वर्षी डॉक्टरांनी दवाखाना विकला. वय झालं, मान धरायला लागली. नवं घर घेतलं सातव्या मजल्यावर. दवाखाना गेला तशी मागची खोलीही गेली. मावशीला वाटलं, चला, सुटले एकदाची! तिची धाकटी बहीण पाच तासांवरच्या एका गावात रोपं विकायची. तिच्याकडं मागं एक पत्र्याची खोली रिकामी होती. दार उघडलं की समोर वाफे, आणि वर नुसतं आभाळ.

"ताई, एक तारखेपर्यंत ये," धाकटी फोनवर म्हणाली. "नाही आलीस तर मी कामाला बाई ठेवते, तीच त्या खोलीत राहील. रोपं काही तुझ्या डॉक्टरांसाठी वाढायची थांबत नाहीत."

"येते गं. टाकी तेवढी हलवून देते. वीस तारखेला हलवली की आठ दिवस बघते आणि निघते."

"चौदा वर्षं हेच ऐकतेय. तो मासा आहे का नवरा?"

"नवऱ्यानं एवढं ऐकलं असतं तर इथं आले असते का मी?" मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

वीस तारखेला तिनं सगळं नीट केलं. टाकीतलं निम्मं पाणी झाकणाच्या डब्यांत भरून घेतलं, कारण जुनं पाणी सोबत नेलं की माशाला घर बदलल्याचं कमी कळतं. तिन्ही मासे एका मोठ्या बादलीत, वर ओलं फडकं. तळातले खडे आणि गाळणीतला काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज तिनं वेगळ्या डब्यात, टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवला. रिकामी टाकी चौघांनी गादीत गुंडाळून टेम्पोत चढवली. मावशी बादली मांडीत घेऊन बसली, आणि खड्डा आला की ड्रायव्हरला म्हणायची, "हळू रे बाबा, आत साहेब बसलेत."

सातव्या मजल्यावर मासे आणि स्पंजाचा डबा पोचवून ती पाण्याचे डबे आणायला टेम्पोबरोबर परत गेली. जाताना डॉक्टरांना बजावलं, "डॉक्टर, याला हात लावू नका."

आता गंमत बघा. डॉक्टरांना दवाखाना सोडून अठरा दिवस झाले होते. तीस वर्षं ज्या हातांनी दात उपटले ते हात नुसते मांडीवर पडून होते. हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचा तो स्टीलचा डबा त्यांनी विकला नव्हता, घरी आणून स्वैपाकघराच्या ओट्यावर ठेवला होता. त्यांनी स्पंजाचा डबा उघडला. भपकारा आला. या बाईनं एकोणीस वर्षं आपली हत्यारं धुतली, आज एवढी दमली, आपणही तिला जरा हात लावू, असं त्यांच्या मनात आलं. चांगलंच आलं. घात नेहमी चांगल्या मनानंच होतो, वाईट माणूस एवढे कष्ट घेत नाही.

मावशी तासाभरानं वर आली तर ओट्यावर पाकिटं मांडलेली. एका बाजूनं कागद, एका बाजूनं पारदर्शक, दवाखान्यात चिमटे ठेवायचे तशी. एकात स्पंज, गोरापान. बाकीच्यांत खडे, मोत्यासारखे. प्रत्येक पाकिटावर निळ्या पेनानं तारीख.

"बघा मावशी," डॉक्टर म्हणाले. "एक जंतू शिल्लक नाही!"

मावशीनं स्पंजाचं पाकीट उचलून उजेडात धरलं. तिला जंतूंचं शास्त्र येत नव्हतं, पण दुकानदारानं तिला चौदा वर्षांपूर्वी एक सांगितलं होतं: माशाची घाण त्या काळ्या स्पंजातले बारीक जीव खातात. ते मेले तर मासा आपल्याच मुतात मरतो.

"डॉक्टर," ती एवढंच म्हणाली, "तुम्ही याचे सगळे दात काढलेत."

तिसऱ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. हवालदारांतला एक आडवा तरंगला. इन्स्पेक्टर काच सोडून वर पाण्याच्या कडेला आला आणि तोंड उघडून हवा गिळायला लागला. मावशी लिफ्टनं खाली, दुकानदाराकडं धावली. त्यानं आपल्या टाकीतला एक जुना, घाण स्पंज तिला पिशवीत घालून दिला.

"हा लावा. पण हा एकटा काय करणार? महिना-दीड महिना जाईल पाणी धरायला. तोवर रोज थोडं थोडं पाणी बदला. एक दिवस चुकला की संपलं."

"आणि दुसऱ्यानं कुणी बदललं तर?"

"बदलेल की. शिकवा."

मग मावशी डॉक्टरांना शिकवायला लागली. तोवर स्वैपाकघरामागच्या सामानाच्या खोलीत तिची खाट पडली होती, "चार दिवसांपुरती" म्हणून. गाठोडं बांधलेलंच होतं, टाकीच्या स्टँडखाली. पहिल्या दिवशी डॉक्टर हातमोजे घालून आले.

"मोजे काढा. त्यांची पावडर पाण्यात जाते."

"उघड्या हातानं? या पाण्यात?"

"दुनियेच्या तोंडात हात घातलात, माशाच्या घरात घालायला काय होतंय?"

त्यांनी मोजे काढले, आणि सवयीनं हाताला स्पिरिट चोळून कोपरापर्यंत हात बुडवायला निघाले. मावशीनं मनगट धरलं म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताजं नळाचं पाणी आणलं, कारण बादलीतल्या शिळ्या पाण्यात डास होतात. तिसऱ्या दिवशी हसत हसत पुन्हा स्पिरिट. माणूस वाईट नव्हता. फक्त तीस वर्षं त्याचा हात एकाच गोष्टीला लागला होता: जे दिसेल ते मारायचं.

तीस तारीख उजाडली. बस साडेदहाची. मावशीनं नऊ वाजता गाठोडं काढलं. काल भरून ठेवलेल्या दोन बादल्या होत्या, म्हणजे आजचा दिवस निघेल. उद्याचा? ती टाकीसमोर उभी राहिली. इन्स्पेक्टर वरच होता, कल्ले लाल, पण दाणा टाकला तर आज दहा दिवसांनी त्यानं एक गिळला. मेला असता तर ती गेली असती. बरा झाला असता तरी गेली असती. तो मधेच लोंबकळत होता.

धाकटीचा फोन आला. "निघालीस का?"

मावशीनं गाठोडं पुन्हा टाकीच्या स्टँडखाली सरकवलं.

"ताई?"

"त्या बाईला खोली दे," मावशी म्हणाली. "पत्रा गळतो म्हणालीस ना, तेवढा नीट करून दे."

धाकटी शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. धाकटीनं नुसता फोन ठेवून दिला.

डॉक्टर ओट्यापाशी चष्मा पुसत उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. मावशीनं ओट्याच्या खणातून ते स्पंजाचं रिकामं पाकीट काढलं, वीस तारखेचं.

"डॉक्टर, यावर तारीख कशाला लिहिता?"

"किती दिवस टिकेल ते कळावं म्हणून."

"मग एका पाकिटावर माझीही लिहून द्या. तेवढे दिवस मी इथं. पुढं मासा जगो नाहीतर मरो."

डॉक्टर हसले. मग तिचं तोंड बघून हसायचे थांबले. नवं पाकीट घेतलं, खिशातलं निळं पेन काढलं, टोपण उघडलं. "बरोबर आहे तुमचं. कुठली लिहू?"

मावशीनं टाकीकडं पाहिलं. इन्स्पेक्टरनं आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच खाली येऊन नाक काचेला लावलं होतं आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होता. ती बोटांवर दिवस मोजायला लागली. दुकानदार म्हणाला होता, महिना-दीड महिना. पण मग एक हवालदार उरला होता, त्याचं काय? आणि पुढच्या वेळी स्पंज पिळायचा दिवस आला की?

डॉक्टरांनी बराच वेळ वाट पाहिली. पेन वाळेल म्हणून त्यांनी टोपण लावलं.

मावशीनं बादली उचलली आणि उद्याचं पाणी भरायला नळाखाली ठेवली.